बुटातला बिल्ला

माझ्या नातीचे पणजोबा घड्याळजी, आजोबा वजनकाट्यांचे तपासनीस, वडील चष्म्याचे नंबर काढणारे. मोजल्याशिवाय मान डोलवायची नाही, हे आमच्या घराण्याचे वळण. नात रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात आहे. अंगावर किती किरण पडले हे नोंदवणारा बिल्ला ती छातीवर लावते.

त्याच बिल्ल्याचा अहवाल त्या दिवशी सभागृहात दाराएवढा मोठा करून टांगला होता. मुंगीला शिरायला जागा नव्हती. तेजोमहाराज नावाच्या बुवांनी मागे एकदा नातीच्या बिल्ल्यावर फुंकर मारली होती आणि एरवी शून्य दाखवणाऱ्या बिल्ल्यावर आकडा उमटला! यंत्राचे किरण जाळतात, आमचे निववतात, असे महाराज पंख्याखाली घाम पुसत सांगत होते.

अहवाल त्यांना नेऊन दिला माझ्याच धाकट्या जावेने. गाठीवरचे किरणोपचार तिने पंचविसांपैकी अकराव्या बैठकीनंतर सोडले होते. तेच किरण बसल्याजागी मिळत असताना यंत्राखाली कोण झोपेल, असा तिचा सवाल.

नात उठली. म्हणाली, अहवालाला दुसरे पानही आहे. प्रयोगशाळा तुलनेसाठी एक जोडीचा बिल्ला पाठवते. तो रुग्णालयाच्या कपाटातून हलवायचा नसतो. प्रशिक्षणाला जाताना नातीनेच धांदलीत दोन्ही बॅगेत कोंबले होते.

"चूक माझी. येता-जाता बॅग विमानतळावर सामान तपासणाऱ्या क्ष-किरण यंत्रातून गेली. फुंकर एकाच बिल्ल्यावर पडली; दुसरा बॅगेतल्या बुटात, मोज्याखाली होता. आकडा दोघांवर सारखाच आहे. आणि एवढ्याशा किरणांनी गाठ सोडा, डासही मरत नाही."

महाराज डगमगले नाहीत. "तेज सर्वव्यापी असते, बाळ."

"मोज्यातसुद्धा?" मागून कोणीतरी विचारले.

हशा ओसरल्यावर मी उभी राहिले. महाराजांच्या गादीखाली मी आठ दिवस नातीकडून घेतलेला एक कोरा बिल्ला ठेवला होता. पहिल्या रांगेतल्या म्हातारीवर कोण संशय घेणार? प्रयोगशाळेने कळवलेला त्याचा आकडा वाचून दाखवला : शून्य. महाराजांनी त्या आठवड्यात तेजाची विश्रांती असल्याचे सांगितले, तोवर अर्धे सभागृह चपला शोधू लागले होते.

चमत्कार ऐकलात तर हात जोडण्याआधी त्याचे दुसरे पान मागा. एवढेच माझे सांगणे.

जाऊ मात्र खुर्चीतच बसून होती. "जाऊबाई, चारचौघांत हसे झाले माझे."

तरुणपणी क्षयाच्या गोळ्या फेकून मी ताईत बांधला होता. हिनेच तो कात्रीने कापला, मनगट धरून मला दवाखान्यात नेले आणि शेवटची गोळी गिळेपर्यंत रोज समोर बसली. आता मी तिचे मनगट धरले. "ऊठ, धाकटे. डॉक्टर पुन्हा सुरू करायला तयार आहेत."

उरलेल्या चौदाही बैठकांना मी दाराबाहेरच्या बाकावर बसले. चौदाव्या दिवशी ती बाहेर आली, पदर सावरला आणि म्हणाली, "जाऊबाई, फेड झाली हो. आता उठा."