नाक्यावरचा गूळ

मित्रांनो, मी एक म्हातारं तट्टू आहे. आता दात झिजले, गुडघे कुरकुरतात. पण एके काळी मंद्रूप-सोलापूर रस्त्यावर इमामसाबच्या टांग्याला मी जुंपलेला असे. मैंदर्गीच्या बाजारातून त्यांनी मला शिंगरू असताना आणलं. स्वतः भाकरी खाण्याआधी ते मला वैरण घालत.

शहरात शिरताना जकात नाका लागे. बाहेरून येणाऱ्या मालावर तिथे कर भरावा लागे. कारकून शिवयोगी अण्णा पोत्यांत सळई खुपसून बघत. आमच्या टांग्याला मात्र त्यांनी बारा वर्षांत हात लावला नाही. "इमामभाईचा टांगा हाय, जाऊ द्या," म्हणत आणि मला गुळाचा खडा देत. त्या भरवशाचं मोल मला काय कळणार? मला गूळ कळे.

चौऱ्याहत्तर साली टांग्याचं एक चाक मोडायच्या बेताला आलं. मंद्रूपच्या मल्लप्पा व्यापाऱ्याने ते बरोबर हेरलं. "तुमचा टांगा कुणी तपासत न्हाय. सीटखाली तुपाचे चार डबे न्या की. नवं चाक मी बशिवतो." इमामसाबनी मान खाली घालून डबे ठेवले.

नाका दिसताच त्यांनी मला वीटभट्टीच्या आडवाटेला वळवायला लगाम ओढला. नाक्यावर कुणी अडवलं नसतं. पण अण्णांच्या नजरेला नजर द्यायची त्यांना हिंमत होईना. मला तेव्हा हे कुठलं ठाऊक? मी हट्टाने सरळ नाक्यावर जाऊन उभा राहिलो.

अण्णांनी गूळ दिला. "जाऊ द्या."

मी निघालो, तर इमामसाबनीच लगाम आवळला. ते खाली उतरले. "अण्णा, आज सीट उचलून बघा. मल्लप्पाचं तूप हाय."

अण्णांनी सीट उचलून डबे मोजले. मग जकात घेऊन पावती फाडली आणि चहा मागवला. "असं करणारा एकटा मल्लप्पा न्हाय, इमामभाई. तूप आत आणलं की जकात, इकलं की विक्रीकर. करावर कर बसला की लपवालपवी आलीच. मागं भरल्याची पावती दावली की पुढं तेवढं वजा व्हाया पायजे. मग मल्लप्पा सवताच पावती मागंल. मानसालाबी गूळ लागतोय की." वरच्या साहेबांना त्यांनी हे दोनदा लिहून कळवलं होतं. उत्तर आलं नाही.

मल्लप्पाचं भाडं कायमचं तुटलं. जुन्या चाकाला पट्टी ठोकून आम्ही आणखी तीन वर्षं काढली.

आता टांगा मोडला आहे. मला विकून टाका म्हणणारे येतात. "यानं माझं इमान राखलंय," म्हणत इमामसाब त्यांना वाटेला लावतात आणि माझ्या मानेवरून हात फिरवतात. तेव्हा मला फार लाज वाटते. मी गुळाकडे गेलो होतो, मित्रांनो. सीट उचला म्हणणारे तेच होते.

तुम्हाला बोलता येतं. माझ्या धन्याला एवढं सांगाल का?