गिरधरचं प्रस्थान

गिरधर हिंमतराव पाटील विलायतेला गेला नाही. हे एकदा सांगून टाकलं. आता आपण ते ऐकलंच नाही असं धरून पुढे जाऊ. गावानंही तेच केलं.

तर, गिरधर विलायतेला निघाला. साल अठ्ठावन्न. अंगणात पेटी बांधून तयार होती आणि तो आईची, जसोदाबाईची, समजूत घालत होता.

"माय, पौंडनी परवानगी आजून उनी नही. पौंड नही तं बोट नही."

"उद्या पितरपाटा लागस," जसोदाबाई म्हणाली. "पितरपाटामा कोन निंघस घरथून? आज मुहूर्त शे. प्रस्थान ठेवानं."

मुहूर्त आज आणि जाणं नंतर असलं, की प्रवासाच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी सामान नेऊन ठेवायचं. त्याला प्रस्थान म्हणतात. माणूस घरीच जेवतो, झोपतो, पण शास्त्राप्रमाणे निघालेला असतो. ठेवलेलं प्रस्थान माघारी मात्र आणायचं नसतं. लंडन पश्चिमेला. गावाच्या पश्चिम टोकाला गिरधरच्या विधवा आत्याचं, तापीबाईचं, घर होतं. म्हणजे दिशा बरोबर होती.

चूक पुढे झाली. पेटी उचलली गेली, तशी जसोदाबाई म्हणाली, "पेटी एकली जाईसन काय शिकी? पोऱ्याले बी धाडा."

त्यामुळे पेटीबरोबर गिरधरचंही प्रस्थान ठेवलं गेलं.

शिकायचं काय होतं, हे फक्त गिरधरला ठाऊक होतं. शहाद्याच्या कोर्टात तो नवा वकील असताना एका जिनवाल्याचा दावा निघाला होता. कापूस तापीकाठचा, बोट परक्यांची, गाठी जपानला, पैसे अडकले लंडनच्या बँकेत. जज्जसाहेबांनी विचारलं, "यात कायदा कोणत्या देशाचा?" सगळ्या वकिलांनी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा नव्हता. त्या दिवसापासून गिरधरला झोप लागेना. त्यानं पत्रं लिहिली आणि लंडनच्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय पैशाच्या व्यवहारांचा कायदा शिकायला, एलएल.एम.ला, जागा मिळवली.

"आपली सोसायटीना कायदा माले बी समजस," वडील हिंमतराव म्हणाले होते. "तेनाकरता बोटमा कसाले बसनं पडस?" पण रुपये त्यांनी काढून ठेवले होते. अडचण एवढीच, की लंडनला रुपये चालत नव्हते आणि पौंड सरकारच्या मुठीत होते.

परवानगी येईना, म्हणून गिरधर मुंबईच्या कचेरीत गेला. साहेब सभ्य होते. बसायला खुर्ची दिली.

"अभ्यास कसला?"

"परकीय चलनाच्या कायद्याचा."

"म्हणजे परकीय चलन सध्या कुणाला मिळत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे?"

"कलमासकट."

"मग शिकायचं काय राहिलं?"

साहेबांनी चहा पाजला आणि अर्ज नामंजूर केला.

तो नंदुरबारला उतरून परतला, तो आत्याकडेच. वडिलांना वाटेत गाठून म्हणाला, "आप्पा, नही म्हने सरकार. मी घर येस. मायले सांगी टाकस."

हिंमतरावांनी आजूबाजूला पाहिलं. "तू कोन सांगनार? तू तं आठे शेच नही."

गावानंही तेच धरलं. भटू न्हावी त्याची दाढी करता करता त्यालाच विचारी, "गिरधरभाऊनं काही पत्र उनं का विलायतथून?" एका पक्षकारानं तर त्याच्या तोंडावर सांगितलं, "वकीलसाहेब विलायतले शेत, म्हनीसन मी दुसरा वकील लावा." यात कुणी खोटं बोलत नव्हतं. जसोदाबाईनं पोराला विलायतेला धाडलं होतं आणि जसोदाबाईचा शब्द गावात मोडायची रीत नव्हती.

ती रोज दुपारी भाकर घेऊन यायची. आत्याच्या ओट्यावर दाराकडे पाठ करून उभी राहायची. निघालेल्या माणसाचं तोंड पाहिलं की जाणं मोडतं.

एक वर्ष उलटल्यावर एका दुपारी गिरधर दारापर्यंत आला.

"तापीबाई," आई पाठमोरी म्हणाली, "विलायतवालाले सांगा, कळनानी भाकर शे. गरम शे तवलोंग खाई ले."

"माय, मी जानार नही. मन्हाकडे दख."

पाठ हलली नाही. पदर तेवढा डोक्यावर पुढे ओढला गेला.

"तापीबाई, तेले सांगा, बोलू नको. इतला लांबथून आवाज येस का कोठे?"

आणि ती गेली. तापीबाईनं उडीद-ज्वारीची ती भाकर त्याच्यापुढे सरकवली. मग म्हणाली, "खाय रे भाऊ. ती एकलीच शे, जिले आजून वाटस तू जाशी."

गिरधर जेवला. हात धुऊन पेटीवर बसला, पेटीतून कोरा कागद काढला आणि शुद्ध मराठीत लिहिलं:

"मेहेरबान परकीय चलन अधिकारी साहेब यांचे सेवेशी. अर्जदाराची पौंडांची मागणी आता राहिलेली नाही. जी गोष्ट घडली नाही, ती घडली असे मानण्याची सोय कायद्यात आहे. तरी विनंती की, अर्जदार विलायतेस जाऊन, अभ्यास पुरा करून, आजच्या तारखेस परत आला असे सरकारने मानावे, व तशी समज अर्जदाराच्या आईस समक्ष देण्यात यावी. समज अहिराणीत द्यावी. ती पाठमोरी उभी असेल, तरी ती वळेपर्यंत साहेबांनी थांबावे."