बारा शब्द

“दादा, पहिला शब्द आठव रे. एकच सांग.”

दीपेश थोरल्या भावाच्या खाटेशी मोबाइल घेऊन बसला होता. स्वरूपचे ओठ हलले, वाकडे झाले. आवाज फुटला नाही.

स्वरूप शहापूरला कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. लग्नाआधी पगारातून उरेल त्याचे त्याने बिटकॉइन घेतले आणि पुन्हा त्यांना हात लावला नाही. त्या खात्याची चावी म्हणजे बारा इंग्रजी शब्द. “कागदावर लिवलं तर चोराचं होतं,” म्हणायचा. सगळे तोंडपाठ केले होते. उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या अंगाबरोबर बोलणंही गेलं. धसईच्या घरी आणलं तेव्हा ‘पाणी’ आणि ‘कुणा’ एवढंच यायचं. कुणा म्हणजे कुणाली, त्याची बायको.

कल्याणच्या दवाखान्यातल्या उपचारांना पैसे हवे होते. दीपेश दुकानाच्या मालकाला भेटून आला.

“खातं दिसतं, वैनी. कोणालाबी दिसतं. पैसे तसेच पडून हायेत. पण चावीवरून खात्याचा पत्ता बनतो, पत्त्यावरून चावी नाय काढता येत. जगातले सगळे कम्प्युटर लावले तरी नाय.”

“मग ब्यांकेत अर्ज करा ना, भावजी.”

“ब्यांकच नाय त्याला.”

म्हणून हे रोजचं विचारणं. एका सकाळी स्वरूप स्पष्ट म्हणाला, “रिव्हर.”

दीपेश ताडकन उठला. “दुसरा? दादा, दुसरा कोणता?”

स्वरूपने जोर लावला. मानेच्या शिरा ताणल्या. मग तो डावी मूठ कपाळावर मारू लागला. कुणालीने हात धरला तेव्हा तो रडत होता.

त्या दिवसापासून त्याने तोंडच मिटलं. तहान लागली तरी तांब्याकडे नुसता बघायचा.

“भावजी, पुरे आता,” कुणाली म्हणाली.

“त्याच्याच इलाजाला पायजेत ना, वैनी? मला काय हौस हाय?”

“म्हाईत हाय. पण आपल्या इचारण्यापायी तो पाणी मागायचा बी राहिला.”

दीपेशने विचारणं सोडलं. कल्याणचा इलाजही सुटला. कुणाली घरीच तेल लावून स्वरूपची बोटं उघडमीट करायची.

दिवाळी गेली. एका दुपारी ती त्याला वरणभात भरवत होती. दुसऱ्या घासाला त्याने मान फिरवली.

“मीठ,” तो म्हणाला.

कुणालीचा हात तसाच राहिला. शेजारी जेवत बसलेल्या दीपेशनेही ऐकलं. पुन्हा म्हण, असं कोणी म्हटलं नाही. दीपेश उठला, मिठाची बरणी घेऊन आला आणि भावाच्या ताटात चिमूटभर मीठ घालून भात कालवू लागला.