घरातल्या वाटा

पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा निम्मी मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, नव्या मॅडम आल्या. ती मात्र मान खाली घालून मागच्या टेबलापाशी गेली, पिशवीतून पट्टी, पेन्सिली आणि कोऱ्या कागदांची गुंडाळी काढून बसली, तेव्हा कुणीतरी फिसकन हसलं. थोड्या वेळाने खऱ्या मॅडम आल्या. त्या तिच्या मुलीपेक्षाही लहान निघाल्या. त्या दिवसापासून वर्गात तिचं नाव काकू पडलं.

चित्रकला आणि गृहसजावटीचा हा अभ्यासक्रम तिच्या मुलीने शोधून काढला होता. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. आठवड्यातून एकदा फोन करायची. "आई, तुझा हात किती चांगला आहे! घरात बसून काय करतेस? नाव घाल." शेवटी फोनवरूनच तिने आईचं नाव घातलं.

हात खरंच चांगला होता. भरतकाम केलेला हात, थरथरत नसे. रंगचक्र काढायला दिलं तेव्हा पोरांनी रंगांचा चिखल केला, तिची मात्र एकेक छटा अंतर राखून नीट उतरली. मुलं येऊन बघायची, "काकू, भारीच!" म्हणायची आणि आपल्या जागेवर जायची. मधल्या सुट्टीत सगळी चहाला जात. पहिल्या आठवड्यात कुणीतरी तिलाही विचारलं. ती गेली, पण ती आल्यावर सगळ्यांचं हसणं सभ्य झालं. मग तिने डब्याचं निमित्त करून वर्गातच थांबायला सुरुवात केली. एकदा ती भर उन्हात कॉलेजला पोहोचली, तर वर्गाला कुलूप. शिपाई म्हणाला, "आज सुट्टी दिली ना मॅडमनी. मुलांच्या ग्रुपवर आलं होतं म्हणे." तिला त्या ग्रुपमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. मुद्दाम वगळलं असतं तर रागावता तरी आलं असतं. त्यांना सुचलं नव्हतं, एवढंच.

घरी नवरा असायचा. मोठमोठ्या यंत्रांच्या कारखान्यात त्याने उभी हयात काढली होती आणि आता निवृत्त होऊन बाल्कनीतल्या खुर्चीत बसायचा. समोर स्टुलावर बुद्धिबळाचा छोटा पट. वर्तमानपत्रातलं कोडं मांडून तो एकटाच दोन्ही बाजूंनी खेळत असे. मूळचाच अबोल माणूस, अलीकडे तर तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. ती कॉलेजातून आली की तो मान वर करून बघे आणि परत पटात घुसे.

दुसऱ्या सत्रात मॅडमनी एक प्रकल्प दिला. "आपापल्या घराचा नकाशा मापात काढा. मग एक दिवस बघा, घरात कोण कुठून कुठे जातं. प्रत्येक माणसाला एक रंग द्या आणि त्याच्या वाटा नकाशावर काढा. घर भिंतींचं नसतं, वावरण्याचं असतं."

तिने स्वतःला लाल रंग घेतला आणि नवऱ्याला निळा. दिवसभर तो उठला की ती टिपून ठेवायची. पलंगावरून न्हाणीघर, तिथून बाल्कनी. बाल्कनीतून दार, फिरायला. परत बाल्कनी. टेबल. बाल्कनी. तिचा लाल रंग स्वयंपाकघरात फिरत राहिला, तिथून मागच्या दोरीपर्यंत, तिथून मुलीच्या रिकाम्या खोलीत, जिथे तिने आता ड्रॉइंगचा पाट मांडला होता. संध्याकाळी तिने सगळं कागदावर उतरवलं. निळी रेघ घराच्या पुढच्या अंगाला, लाल मागच्या अंगाला. दोन्ही जेवणाच्या टेबलाशी यायच्या. तो टेबलाशी पेपर घेऊन जेवायचा आणि ती समोर बसली तरी तिचं अर्धं लक्ष गॅसवर. तिने रेघा पुन्हा तपासल्या. चूक नव्हती.

वर्गात बाकीच्यांचे कागद म्हणजे मांजराने खेळलेले लोकरीचे गुंडे. आजी, भाऊ, वहिनी, कुत्रा, सगळे एकमेकांच्या पायात. मॅडमनी तिचा कागद उचलून सगळ्यांना दाखवला.

"हे बघा. किती स्वच्छ! कुणी कुणाच्या आड येत नाही. जागेची वाटणी अशी हवी."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या प्रकल्पात तिला सगळ्यांत जास्त गुण मिळाले. तिने कागद गुंडाळला, रबर लावलं आणि घरी येऊन कपाटाच्या मागे सरकवला.

वर्षअखेरचा प्रकल्प मोठा होता. खरंखुरं गिऱ्हाईक शोधायचं, त्याची मुलाखत घ्यायची, त्याच्या गरजेप्रमाणे एक खोली नव्याने मांडायची आणि तिचं पुठ्ठ्याचं मॉडेल करायचं. कुणी मामाचं दुकान घेतलं, कुणी मैत्रिणीची खोली. वर्गातल्या एका उंच मुलीला तर कॉफीचं दुकानच मिळालं. इकडे तिने आपल्या शेजारणीला विचारलं. शेजारीण दारातच म्हणाली, "नको हो, आमच्या ह्यांना भिंतीत खिळा ठोकलेला चालत नाही."

मुलीचा फोन आला तेव्हा तिने हे सांगितलं.

"मग बाबांना घे की गिऱ्हाईक."

"त्यांना काय विचारणार? ते बोलतात का काही?"

"अगं, म्हणूनच विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉलेजने दिलेला प्रश्नांचा कागद घेऊन बाल्कनीत गेली आणि नवऱ्याच्या समोर दुसरं स्टूल ओढून बसली. ऊन तिच्या तोंडावर येत होतं. त्याने पटावरून नजर उचलली.

"तुमची मुलाखत घ्यायची आहे," ती म्हणाली. "अभ्यासासाठी."

"घ्या."

"आपला व्यवसाय?"

"निवृत्त. म्हणजे बेकार."

"घरात माणसं किती?"

"दीड."

"दीड कशी?"

"बाईसाहेब अर्धा दिवस कॉलेजात असतात."

तिला हसू फुटलं. त्यालाही थोडं फुटलं. असं समोरासमोर हसून किती दिवस झाले, हे तिला आठवेना. तिने पुढचा प्रश्न वाचला.

"घरात कोणत्या गोष्टीचा त्रास होतो?"

"कसलाच नाही."

"असं नाही चालत. मॅडम म्हणतात, गिऱ्हाईक आधी नाहीच म्हणतं. परत विचारायचं."

त्याने पटावरचा उंट उचलला, हातात फिरवला, होता तिथेच ठेवला.

"तू स्वयंपाकघरातून बोलतेस ते मला ऐकू येत नाही."

"म्हणजे?"

"आवाज येतो. शब्द येत नाहीत. डावा कान कारखान्यातच गेला. उजवाही निघालाय त्याच्या मागोमाग."

"मग तुम्ही 'हं' म्हणता ते?"

"काहीतरी म्हणायला हवं ना. 'हं' बहुतेक ठिकाणी खपतं."

"आणि टेबलावर? तिथे तर मी समोर असते."

"तू खिडकीकडे पाठ करून बसतेस. मागे उजेड, तोंडावर काळोख. ओठ दिसले तर मी जुळवून घेतो. आत्ता दिसतायत." त्याने एक प्यादं बोटाने सरळ केलं. "टेबलावर काही कळत नाही, म्हणून पेपर धरतो. वाचतोय म्हणून ऐकत नाही, असं वाटलेलं बरं."

"मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? बहिरा झालो म्हणून?"

तिने मान खाली घालून कागदावर लिहून घेतलं. बाकीचे प्रश्न, आवडता रंग वगैरे, तिने भराभर उरकले आणि आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

या अभ्यासक्रमाला नाव घालण्याच्या थोडं आधीची गोष्ट. आंघोळ करताना तिच्या हाताला छातीत गाठ लागली होती. दिवसभर तिने ते मनात ठेवलं, आणि संध्याकाळी भांडी पुसता पुसता, त्याच्याकडे न बघता, ती म्हणाली होती, "गाठ लागतेय हो मला. उद्या दाखवून येते." बाहेरून आवाज आला होता, "हं." ती वाट बघत राहिली. तो उठून येईल, निदान विचारील. तो आला नाही. दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली. दवाखान्याच्या बाकावर प्रत्येक बाईबरोबर कुणी ना कुणी होतं. नर्सने विचारलं, "तुमच्याबरोबर कोण आहे?" ती म्हणाली, "कुणी नाही." गाठ साधी निघाली. घरी येऊन ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही, त्यानेही विचारलं नाही. त्यानंतर 'जेवायला चला' आणि 'दार लावून घ्या' याच्या पलीकडे तिचं बोलणं गेलं नव्हतं. सगळे दिवस तिने त्या एका 'हं'वर काढले होते. आता राग धरायला जागा उरली नव्हती, आणि राग तर अजून होताच.

ती कामाला लागली. टेबल भिंतीपासून सोडवून आडवं फिरवायचं, म्हणजे खिडकीचा उजेड दोघांच्या तोंडावर बाजूने पडेल. वर खाली ओढता येणारा दिवा लावायचा. स्वयंपाकघराच्या भिंतीत एक मोठी खिडकी पाडायची, म्हणजे ओट्याशी उभं राहिलेलं माणूस बाल्कनीतून दिसेल. भिंत कागदावरच राहणार होती, पण टेबल तर फिरवता येत होतं. तिने नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं, मग बाल्कनीत जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला. दोघांनी मिळून टेबल ढकललं. त्याच्या गुडघ्याला कोपरा लागला आणि तो शिवी गिळत खाली बसला.

त्या दुपारी ते नव्या जागी जेवायला बसले. पेपर बाल्कनीतच राहिला होता. तो हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा बसला होता.

"मला गाठ आली होती," ती म्हणाली. "गेल्या वर्षी. छातीत."

त्याचे डोळे तिच्या ओठांवर होते. घास हातातच राहिला.

"गाठ?"

"साधी होती. तपासून घेतली."

"कधी गेलीस?"

"तुम्हाला सांगून गेले होते."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने घास ताटात ठेवला.

"एकटी गेलीस?"

"हो."

तिला वाटलं होतं, हे सांगितलं की काहीतरी मोकळं होईल, रडू तरी येईल. तसं काही झालं नाही. त्याला वाईट वाटलं हे तिला दिसत होतं, अगदी स्वच्छ उजेडात दिसत होतं. पण त्या बाकावर ती एकटीच बसली होती, आणि ते आता कुणालाच बदलता येणार नव्हतं. थोड्या वेळाने त्याने आमटीची वाटी तिच्याकडे सरकवली. तिने ती घेतली.

पुढचे दिवस ते रोज तिथेच जेवले. बोलायची सोय झाली होती, पण बोलायचं काय? सवय मोडली होती. ती वर्गातलं काही सांगायची, तो "परत सांग" म्हणायचा, आणि दुसऱ्यांदा सांगताना तिला ते सांगण्यासारखं वाटेनासं व्हायचं.

प्रकल्प तपासायला बाहेरून एक दाढीवाले वास्तुविशारद आले होते. तिचं मॉडेल त्यांनी चहूबाजूंनी पाहिलं.

"काम फार सफाईदार आहे. पण बदल किती थोडा! टेबल फिरवलं, दिवा लावला, भिंतीत खिडकी पाडली. कल्पकता कुठे आहे?"

"गिऱ्हाईकाची गरज तेवढीच होती, सर."

"मग गिऱ्हाईक खूश आहे?"

मॅडम तिला डोळ्यांनी 'हो म्हणा' असं खुणावत होत्या.

"माहीत नाही, सर," ती म्हणाली.

तिला बेताचे गुण पडले. कॉफीचं दुकान पहिलं आलं. मुलं त्या उंच मुलीभोवती गोळा होऊन फोटो काढू लागली. त्यांच्यापैकी एकाने मोबाइल तिच्या हातात दिला, "काकू, आमचा एक काढा ना." तिने दोन-तीन काढून दिले आणि आपलं मॉडेल उचलून निघाली. बसमध्ये ते मांडीवर धरून बसली. शेजारच्या बाईने विचारलं, "नातवाच्या शाळेचं का?" ती "हो" म्हणाली.

सुट्टी लागल्यावर तिने मुलीला कानांचं सांगितलं, मुलीने व्हिडिओ कॉलवर बापाला चांगलंच झापलं आणि तो कान दाखवायला तयार झाला. दोघं बरोबरच गेली. डॉक्टरांनी दोन्ही कानांत छोटी यंत्रं बसवली. बाहेर पडल्यावर तो रस्त्यावर मध्येच थांबायचा. हॉर्न, चपला, कुणाच्या तरी खिशातल्या किल्ल्या. प्रत्येक आवाजाकडे तो असा वळून बघत होता, जणू कुणी नावाने हाक मारली.

घरापर्यंतचा रस्ता ती दोघं पायीच आली. ती थोडी पुढे, तो मागे. कोपऱ्यावर तो म्हणाला, "तू चालताना गुणगुणतेस."

"मी? नाही हो."

"आत्ता ऐकलं मी. कधीपासून?"

तिला खरंच ठाऊक नव्हतं. कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ती पुढे चालू लागली आणि स्वतःच्या गळ्याकडे लक्ष देऊ लागली, पण लक्ष दिल्यावर तिथून काहीच येईना.

"आता थांबलं," मागून तो म्हणाला.

तिने फक्त चाल जरा कमी केली, आणि तो बरोबरीला येईपर्यंत रस्त्याच्या कडेने हळूहळू चालत राहिली.