तिसाव्या लेव्हलची एकवीस मेंढरं

एकोणतिसाव्या लेव्हलपर्यंत सगळे योद्धे सारखेच. तीच तलवार, तीच ढाल, तेच धापा टाकत पळणं. तिसावी गाठली की वाटा फुटतात. कुणी गडकरी होतो, कुणी लांडगेमार. पण हे मागून मिळत नाही. डोंगरावर बसलेला गुरू गाठायचा, त्याची परीक्षा द्यायची. संधी तीन. तिन्ही वाया घालवल्या तर जन्मभर नुसता योद्धा, म्हणजे चिंचोळीच्या कारखान्यात कायमचा ट्रेनी.

रूपालीला लांडगेमार व्हायचं होतं. आठ महिने त्याच कारखान्यातली शिफ्ट सांभाळून तिने गेममधला हा योद्धा वाढवला होता. पहिल्या संधीला लांडगा पळून गेला. दुसऱ्या संधीला ती स्वतःच दरीत पडली.

आज सुट्टी. आज तिसरी.

सुरू करायला बोट ठेवलं आणि दार वाजलं.

बिरप्पा. रूपालीचे वडील.
मुक्काम: मैंदर्गी.
लेव्हल: अडुसष्ट.
मेंढरं: एकशे दहा.
दात: चार.
चालू कामगिरी: सोलापुरात कवळीचं माप देणे, दुपारी चार वाजता.

चारच्या कामाला आप्पा बाराच्या एसटीने आले होते. खोलीत खुर्ची होती. ते घोंगडी टाकून फरशीवर बसले आणि पडद्याकडे बघू लागले. हिरवी खिंड, मधे ओढा, ओढ्याकाठी एकवीस मेंढरं.

"कुणाची ही?"

"कुणाची न्हाईत, आप्पा. गेममदली हायेत."

"कुणाची न्हाईत आशी मेंढरं आसत्यात व्हय?"

टेबलावरच्या फोनमधून अपेक्षा बोलली. अपेक्षा म्हणजे पॅकिंगमधली मैत्रीण आणि त्यांच्या पाच जणींच्या टोळीची म्होरकी. शनिवारी किल्ला घ्यायचा होता, त्याला लांडगेमार हवा होता, म्हणून बाईंनी या परीक्षेचे अकरा व्हिडिओ पाहिले होते.

"नीट ऐक, रुपे. लांडगा समोरून येतो. सरळ त्याच्या मागे लाग. मेंढ्या नुसत्या शोभेला आहेत. मेल्या तरी काही जात नाही."

आप्पांनी फोनकडे पाहिलं. "ह्या पोरीच्या घरात जनावर न्हाई वाटतं."

"मांजर आहे, काका."

"मग बरूबर हाय."

रूपालीने ओठ दाबून हसू गिळलं आणि सुरू केलं. लांडगेमाराचा काळा कातडी झगा तिच्या डोळ्यांसमोर होता. अक्कलकोटच्या वसतिगृहात पाचवीत गेली तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या पोरी नाक धरायच्या, लोकरीचा वास येतो म्हणून. या खेळात कुणी कुणाचं गाव विचारत नाही. झगा बघतात आणि वाट देतात.

खिंडीच्या तोंडाशी लांडगा उभा राहिला. तिने धाव घेतली.

"आगं, थांब की. मागं कोण हाय?"

"एकच लांडगा हाय, आप्पा."

"एकटा तोळ दिसायला येतो. तोंड दावणारा येगळा, खाणारा येगळा." लांडग्याला आप्पा कानडीत तोळ म्हणत, मैंदर्गीला लांडगे दोन्ही भाषांत येतात.

तिने नजर मागे फिरवली. ओढ्यापलीकडच्या झुडपात दोन डोळे.

‖ थांबवलं ‖

"हितं थांबवता येतंय?" आप्पा म्हणाले. "लई बरं हाय. आमाला कदी आलं न्हाई."

"मागचा दिसला तरी चालतं," अपेक्षा म्हणाली. "अकराही व्हिडिओत पुढचाच मारलाय. मेंढ्यांसाठी कुणीच थांबलेलं नाही. ही शेवटची आहे, रुपे."

"आप्पा, आयकलं न्हवं? शेवटची हाय. पुढचा मारला तरच पास."

"तुजा खेळ हाय, तू बग." आप्पांनी फरशीवरच गिरकी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. "संपलं की हाक मार. मला बगवत न्हाई."

भिंतीवर कारखान्याचं कॅलेंडर होतं. आप्पा ते वाचू लागले. वाचता येत नव्हतं तरी.

▶

लांडगा पळाला. त्याच्या मागे जायला रूपालीचं बोट उचललं, आणि खाली आलं ते भलत्याच बटणावर. योद्धा उलटा वळला. कळपाला वळसा घातला, मेंढरं कड्याला लावली, तोंडं आत, पाठी बाहेर, आणि स्वतः उघड्या बाजूला उभा राहिला. हे तिने नवव्या वर्षी काठी घेऊन केलं होतं. नंतर वीस वर्षं विसरायचा प्रयत्नही केला होता, तो बोटांपर्यंत पोचला नव्हता.

लांडगे फिरत राहिले. झेप आली की ढाल, झेप आली की ढाल.

वेळ संपली.

लांडगे मारले: ०
मेंढरं: २१

"गेलं," अपेक्षा म्हणाली. "आठ महिने गेले."

रूपालीचा हात खेळ बंद करायला गेला. तेवढ्यात डोंगरावरून गुरू खाली आला. व्हिडिओत तो कधीच जागचा हलला नव्हता. त्याने मेंढरं पाहिली आणि पडद्यावर नवीन चौकट उघडली.

राखणदार. स्वीकार / नकार. निवड बदलता येणार नाही.

सोबत चित्र: पायघोळ कांबळं, हातात काठी.

"झालं का?" भिंतीकडून आवाज.

"लांडगेमार न्हाई झाले, आप्पा."

"मग?"

"मेंढरं राखायचं काम देत्यात."

आप्पा वळले. चार दातांनी हसायला सुरुवात केली ती खोकल्यावर जाऊन थांबली. "आट म्हैने घासून? आगं, मला इचारायचं. मैंदर्गीत परीक्षा न घेता देतो की."

"हसू नका."

"हसतोय कुटं. दात न्हाईत."

अपेक्षा फोनवर घाईने वाचत होती. "थांब, थांब. हा सोबत्यांवरचा वार स्वतःवर घेतो. रुपे, किल्ल्यावर दर वेळी आधी मीच मरते. दाब."

बाण दोन शब्दांच्या मधे उभा. झगा काळा होता आणि सुंदर होता. कांबळं कांबळ्यासारखं होतं. पण चित्रातला राखणदार काठीवर भार टाकून, एक पाय दुसऱ्या गुडघ्याला टेकवून उभा होता. असं उभं राहणारा माणूस तिला एकच माहीत होता, आणि तो आत्ता तिच्या फरशीवर डोळे पुसत बसला होता.

तिने स्वीकार दाबलं.

चपला घालून ती दाराशी आली तेव्हा पावणेचार झाले होते. "उटा आप्पा. डॉक्टर वाट बघतोय."

आप्पा जागचे हलले नाहीत. "मेंढरं आशी उगड्यावर टाकून?"

"आप्पा, बंद केलं की ती नसत्यात."

"दोन तोळ फिरत्यात तितं. वाघूर न्हाई, राखण न्हाई. आन् आता तुजी झाली की ती."

रूपालीने चपला काढल्या. वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं, गुरूकडेच मिळत होतं, पण ते लावायला नऊ मेखा ठोकायच्या आणि आप्पांना प्रत्येक मेख वाकडी वाटत होती. सव्वाचारला दवाखान्यातून फोन आला.

"सांग त्येस्नी," आप्पा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "कळप आत घ्याचा हाय."

तिने तेच सांगितलं. पलीकडच्या बाईंनी उद्या अकराची वेळ दिली.