आठवं टिंब

मासुएचं गणित सरळ होतं. औषधाच्या चाचणीत शिरकाव झाला, तर महिन्याला एक इंजेक्शन. त्यात औषध निघालं तर अर्धशिशीने खाल्लेले दिवस परत मिळणार. तुलनेसाठी काहींना देतात तसं नुसतं पाणी निघालं तरी सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिचं दुखणं लिहून घेणार. अट एकच: अठ्ठावीस दिवसांच्या वहीत डोकेदुखीची किमान आठ लाल टिंबं.

सव्वीस दिवस सरले, टिंबं सातच. एरवी न बोलावता येणारी अर्धशिशी आता आवतण देऊनही फिरकेना. मासुएने जेवण चुकवलं, भर उन्हात उभी राहिली, शेजारणीचं अत्तर हुंगून आली. डोकं आपलं थंड!

मग बातमी आली, वादळ येतंय. हवेचा दाब घसरला की तिचं डोकं ठणकणार, हे हवामान खात्यापेक्षा पक्कं. जपानातलं ते सगळं हिता गाव वादळ टळावं म्हणून हात जोडत होतं. अठ्ठाविसाव्या दिवशी नवरा इवाओ शिडीवर चढून नाशपातीच्या बागेला जाळ्या बांधत होता, आणि खाली शिडी धरून मासुए मनात म्हणत होती, ये बाबा, जरासं तरी ये.

“अगं, माहेरचं माणूस यायचंय का? सारखी ढगांकडे बघतेस ती!”

“तुम्ही गाठी नीट मारा.”

संध्याकाळी वादळ कोरियाकडे वळलं. एक फळ पडलं नाही. इवाओने शिडीवरच तान घेतली. मासुएने घरात जाऊन आठवं टिंब काढलं.

दुसऱ्या दिवशी कुरुमे शहरातल्या इस्पितळात कुराता नर्सने वही उघडली. इवाओ शेजारीच, मांडीवर भेटीची नाशपात्यांची पेटी.

“काल किती वेळ दुखलं, काकू?”

“दिवसभर. अंधारात पडून होते.”

“काल?” इवाओ मदतीला धावला. धडधाकट माणसंच निवडतात, अशी त्याची समजूत. “काल ही दिवसभर शिडी धरून उभी होती! नर्सबाई, असं काटक माणूस तुम्हाला शोधून सापडायचं नाही.”

कुराताचं पेन थांबलं. “काकू, सात धरू?”

मासुएने आठव्या टिंबावर बोट ठेवलं. “धरा सात.”

जागा गेली. भेट घेणं नियमात नव्हतं, म्हणून पेटीही परत आली.

परतीच्या वाटेवर, गाडीतच, डाव्या डोळ्यामागे ठणका सुरू झाला. तीन दिवस. इवाओने खिडक्यांना ताडपत्री लावली, घरात चवड्यांवर चालला, आणि झाडांना खुणा करायच्या जाड पेनाने घरी उरलेल्या कोऱ्या वहीत तीन लाल टिंबं काढली.

“माझ्यामुळे गेली ना जागा?”

“हळू बोला.”

तर हिशेब असा. वादळाने गावाचं काही नेलं नाही, नाशपात्या शाबूत, चाचणीतली जागा दुसऱ्या कुणाच्या पदरात. भुर्दंड भरला एकट्या मासुएने. तीन दिवस, तेही मुदत संपल्यावर.