कुसाबाईंच्या हातचा डोळा

यंदा रंगारी यादवदादा एकटेच आले, त्या दिवशी मला कुसाबाईंचे कळले. बागेच्या दाराशी चहा करणाऱ्या भागीबाईंनी विचारले, "वहिनी मागून येतात का?" यादवदादांनी रंगाचे डबे खाली ठेवले. "नाय," ते म्हणाले, "शिमग्याच्या आधी गेली." भागीबाईंनी त्यांच्या हातात चहा दिला. चहा झाल्यावरही त्या त्यांच्याजवळ बसून राहिल्या.

मित्रांनो, समुद्रकाठच्या एका जुन्या करमणुकीच्या बागेत गोल फिरणारा पाळणा आहे. मी त्यावरचा लाकडी घोडा. माझा जन्म मात्र नाशिकचा. पेठच्या बाजूचा साग आणि चिमाजी सुतारांचे हात. सुरुवातीची वर्षे मी वणीच्या यात्रेत फिरलो. गड उतरून माणसे दमलेली असत, पण पोरे माझ्यावरून उतरायला तयार नसत. पुढे या बागेच्या मालकांनी आमचा सगळा पाळणाच विकत घेतला. बाग माझ्याहून जुनी. दगडी कमान, बँडवाल्यांचा चबुतरा, आरशांचे घर. सुट्टीत इथे उभे राहायला जागा नसते. पावसाळ्यात बाग बंद होते. मग आमच्यावर ताडपत्री पडते, पायांखालून खेकडे फिरतात आणि खारे वारे रंगाचे पोपडे काढते.

पितृपंधरवड्यात नाशिकला कोणी घराला रंग देत नाही. रंगारी रिकामे असतात. म्हणून नाशिक रोडचे यादवदादा दरवर्षी त्याच दिवसांत आम्हाला रंगवायला येत आणि बायकोला, कुसाबाईंनाही आणत. काम व्हायचे आणि दोघांची सहलही. दुपारी भाकरी खाऊन ती दोघे ओस बागेत हिंडत. आरशात कुसाबाई ढोलासारख्या दिसत. त्या म्हणत, "बघा, तुमच्या घरात मी उपाशी राहते म्हणून कोणाला पटेल?"

आमच्या अंगाला यादवदादा रंग देत. डोळे कुसाबाई काढत. "अहो, तुमचा हात भिंतीचा," त्या म्हणत, "घोडा बिथरेल." आधी त्या माझ्या तोंडावरून हात फिरवत. मग श्वास रोखून काळे बुबुळ काढत आणि शेवटी त्यात पांढरा ठिपका ठेवत. ठिपका पडला की मला दिसू लागे. हसू नका, खरेच सांगतो. दिवाळीत पोरे माझ्यासाठी भांडत, 'हा आपल्याकडं बघतो' म्हणत.

यंदा यादवदादांनी बाकीच्या घोड्यांचे डोळेही स्वतःच काढले. एक तिरळा झाला. भागीबाई म्हणाल्या, "हा मेला माझ्या बिस्किटांवर नजर ठेवून हाय." यादवदादा हसले. आल्यापासून पहिल्यांदाच.

शेवटी माझी पाळी आली. समुद्राकडचा माझा उजवा डोळा झडून गेला होता. आतल्या बाजूचा डावा कुसाबाईंनी काढला तसाच होता. बाग सांभाळणारा धनराज रंग खरवडायचा पत्रा घेऊन आला. त्याने सांगितले की काका, दोन्ही घासून टाकू, हल्ली चिकटवायचे डोळे मिळतात, घट बसायच्या आत काम उरकेल. त्याचेही चूक नव्हते. त्याला दिवाळीला बाग उघडायची होती. पत्रा माझ्या डाव्या डोळ्याला टेकणार, एवढ्यात यादवदादांनी मध्ये हात घातला.

"तेवढा राहू दे, धनराज. तिचा हात हाय तो."

धनराजने त्यांच्याकडे पाहिले आणि पत्रा खाली ठेवला.

मग यादवदादांनी कुसाबाईंचा बारीक ब्रश काढला आणि त्या डोळ्याच्या कडेकडेने, एक ठिपकाही आत जाऊ न देता, मला तपकिरी रंग दिला. उजव्या बाजूला पांढरा डोळा भरला. ब्रशवर काळा रंग घेतला. कुसाबाईंसारखाच श्वास रोखला. ब्रश अगदी जवळ आला आणि थांबला. बराच वेळ ते माझ्या मानेला टेकून उभे होते. मग त्यांनी ब्रश रॉकेलमध्ये धुतला, फडक्यात गुंडाळला आणि खिशात ठेवला. माझ्या कानाशी म्हणाले, "पुढल्या साली बघू."

दिवाळीत बाग उघडली. मुले येतात, माझ्या दोन्ही बाजूंनी फिरून बघतात आणि तरीही बसतात. मित्रांनो, जुन्या वस्तूला नवा रंग जरूर द्या. पण खरवडायच्या आधी तिच्यावरून एकदा हात फिरवा. तिथे कोणाचा तरी हात असतो.

माझ्या उजव्या डोळ्याचे बुबुळ अजून काढायचे राहिले आहे.